घरच्या सायकलीला मोटर

नमस्कार श्रोतेहो. सायकलीला मोटर बसवली म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पळते?" म्हापशात विचारा, फोंड्यात विचारा, प्रश्न हाच. माझ्या मते आधी विचारावं ती थांबते कशी, आणि चढावर काय करते. कारण कोलवा-बाणावलीकडचा किनारपट्टा सोडला तर आपल्याकडे सपाट रस्ता सलग मिळतो कुठे? पणजीत आल्तिनो चढून बघा.

लुना आठवत असेल. १९७२ साली आली, ५० सीसीचं इंजिन आणि जोडीला पायडल. तिच्या आठवणीने अजूनही काहींना साध्या सायकलीला पेट्रोलचं छोटं इंजिन लावावंसं वाटतं. मी तरी त्यात पडू नका असंच सांगेन. ती थरथर साध्या सायकलीच्या सांगाड्याला सोसत नाही, आणि २५ सीसीच्या वर गेलात की कायद्याने ते मोटार वाहनच. विजेच्या मोटरलाही मर्यादा आहे. ताकद २५० वॉटच्या आत हवी आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरचा जोर बंद व्हायला हवा. नियमांत चांगले ब्रेक आणि रिफ्लेक्टरही सांगितलेत, तेवढ्यासाठी पैसे वाचवू नका.

सायकल निवडताना जुनी काळी दांडी-ब्रेकची सायकल मोहात पाडते. मजबूत असते, कबूल. पण पावसात ओल्या रिमवर तो ब्रेक कितपत धरतो हे ती चालवलेल्याला सांगायला नको. पोलादी सांगाड्याची, २६ इंची चाकांची, डिस्क नाहीतर चांगल्या व्ही-ब्रेकची सायकल घ्या. मोटर मागवण्याआधी मागच्या चिमट्यातलं अंतर पट्टीने मोजा. मागच्या चाकाच्या बऱ्याच मोटरना १३५ मिलिमीटर जागा लागते.

आता जिथे घाई नडते तिकडे येऊ. साध्या सायकलीत अ‍ॅक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, नुसता धरून ठेवायचं काम करतो. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तेवढ्याच जोराने स्वतःच्या अ‍ॅक्सलला उलटं फिरवायला बघते. म्हणून त्या अ‍ॅक्सलच्या दोन बाजू घासून चपट्या केलेल्या असतात. नट सैल झाला की अ‍ॅक्सल खाचेत फिरतो, आतून येणारी वायर पिळवटून तुटते आणि चाक बाहेर येऊ शकतं. यावर उपाय म्हणजे टॉर्क आर्म. जाड पोलादी पट्टी, एक टोक अ‍ॅक्सलच्या चपट्या बाजूवर घट्ट बसतं, दुसरं सांगाड्याला क्लिपने बांधायचं. मोटरच्या किटमध्ये आली नसेल तर वेगळी विकत घ्या. पुढच्या चाकात मोटर आणि चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा, ही जोडी मात्र टाळा. पोलाद वाकून इशारा देतं, अ‍ॅल्युमिनियम थेट तडकतं.

मग वायरी. मोटरमधून बहुधा तीन जाड आणि पाच बारीक वायरी येतात. मोटर एका कंपनीची आणि तिला वीज सोडणारा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा असेल तर रंगाला रंग जोडून भागेलच असं नाही. जाड तीन आणि बारीक पाचातल्या सेन्सरच्या तीन मिळून ३६ प्रकारे जोडता येतात, त्यातल्या तिनातच चाक नीट पुढे फिरतं. काही जोडण्यांत नुसते गचके बसतात, काहींत उलटं फिरतं. फसवी जोडणी वेगळीच, चाक फिरतं पण घुरघुर करत. म्हणून मागचं चाक उचलून मोकळं फिरवा आणि अँपिअर मीटर बघा. आत गिअर असलेली हब मोटर मोकळी फिरताना साधारण एक अँपिअर घेते. चार-पाच दिसले तर लगेच बंद करा. बऱ्याच नव्या कंट्रोलरना स्वतः जुळवून घेणारी वायर असते. ती असेल तर हा सगळा खटाटोप वाचला.

चढाचं गणित सांगतो. सायकलीसकट १०० किलो वजन, शंभराला सहाचा चढ आणि ताशी १२ किलोमीटर वेग, एवढ्यालाच चाकावर २३० वॉटच्या आसपास लागतात. म्हणजे मोटर एकटीच घामाघूम. वेग सहा-सातावर आला की वीज चाकापेक्षा उष्णतेतच जास्त जाते, आणि मोटरच्या आतले नायलॉनचे गिअर त्या तापाला भितात. म्हणून चढ लागायच्या आधीच सायकलीचा हलका गिअर टाकून पायडल मारायला लागा. पायडल फिरतंय हे मोटरला कळवायला पायडलपाशी चुंबकांची चकती असते, आणि हँडलवरच्या डिस्प्लेमध्ये त्या चुंबकांची संख्या मागतात. ती मोजून भरा, बऱ्याचदा १२ असते. चुकीची भरली तर मोटर उशिरा उठते, तीही नको तेव्हा.

त्याच सेटिंगमध्ये सुरुवातीचा जोर कमी करायची सोय असते. तो कमीच ठेवा. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीचा रॅम्प ओला असतो, मागेपुढे स्कूटर आणि माणसं. तिथे मोटर एकदम उसळली तर? ब्रेकची मूठ दाबताच वीज तोडणारे स्विच लावा आणि रॅम्पवर बॅटरी बंद करून सायकल ढकलत न्या. चालायच्या गतीची वॉक सोय बंदरावर वापरू नका.

पहिल्या काही दिवसांत आऱ्या सैल होतात. सायकलवाल्याकडून चाकाचा आऊट काढून घ्या. त्याच्या हातात जे आहे ते डिस्प्लेत नाही.

आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसात जोडण्यांना हिरवट गंज चढतो. कंट्रोलरचे कनेक्टर तोंड खाली करून बसवा, वायरीला खाली थोडा झोल द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरा.

बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची घेतलीत तर ३६० वॉट-तास होतात. चार्जला अर्ध्या युनिटच्या आत वीज जाते, आणि आपण पायडल मारलं तर २५-३० किलोमीटर सहज निघतात. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून घरी बॅटरी करू नका. जिन्याखाली, दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका, आणि भिजून आलेली बॅटरी कोरडी झाल्याशिवाय चार्जर जोडू नका. जून ते सप्टेंबर सायकल काढणार नसाल तर बॅटरी ३६-३७ व्होल्टवर घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. ३० व्होल्टच्या खाली गेलेली दिसली तर चार्जर न लावता जाणकाराला दाखवा. नमस्कार.