तिनं फोन का केला?

(दृश्य : दादर, संध्याकाळची वेळ. प्लाझा चित्रपटगृहासमोरची गर्दी.)

‘सैराट’ लागला २९ एप्रिल २०१६ला. ‘झिंगाट’ सुरू झालं की माणसं खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायची. आर्ची बुलेटवरून आली की शिट्ट्या. बड्या पाटलाची पोरगी, तिच्या बापाचा शब्द गावात कोणी मोडत नाही, आणि ती मासेमाऱ्याच्या मुलावर, पार्श्यावर, उघड जीव टाकते. याचं कौतुक करताना थिएटरमध्ये कुणी हात आखडता घेतला नाही.

मध्यंतरानंतर मात्र कुरकुर ऐकू यायची. पिक्चर लांबला, रडका झाला. मला तोच भाग सगळ्यात खरा वाटतो. वाड्यात वाढलेली मुलगी हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. तिला तिथला वास सहन होत नाही, स्वयंपाक येत नाही, ती रडते. पार्श्या डोशाच्या गाडीवर राबतो, संशय घेतो, चारचौघांत तिच्यावर हात उचलतो. पळून जाणं एका रात्रीचं असतं. त्यानंतरचं भाडं, रॉकेल आणि भांडण रोजचं. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत संसार मांडलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

(दृश्य : चाळीतला व्हरांडा, दोरीवर वाळणारे लहान मुलाचे कपडे.)

मग संसार सावरतो, मूल होतं, आणि आर्ची आईला फोन करते. काही दिवसांनी भाऊ आणि नातेवाईक दारात येतात, आईनं दिलेल्या भेटी घेऊन. ती चहा ठेवते. पुढचं दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी आवाजाशिवाय दाखवलंय. जिथे मघाशी नाच चालला होता, तिथे लोक दिवे लागले तरी उठत नव्हते.

बाहेर आल्यावर, घरी, लोकलमध्ये जे बोलणं झालं त्यात एक प्रश्न हमखास असायचा : तिनं फोन कशाला केला? न केला असता तर वाचली असती. हा प्रश्न मला आजही छळतो. लग्न झालेली कुठली मुलगी आईला फोन करत नाही? मारणारे भेटी घेऊन आले, तिच्या हातच्या चहाला बसले, आणि जाब आपण तिला विचारला. शिट्ट्या वाजवणारेही आपणच होतो. आपल्यातल्या किती जणांना त्या भावात आपल्या घरातलं कुणी दिसलं?

(दृश्य : विवाह नोंदणी कार्यालय, नोटिसांचा फलक. नावं, पत्ते पुसट केलेले.)

२७ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं : सज्ञान मुलामुलीच्या लग्नाला कुटुंबाची किंवा जातीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष आणि चोवीस तासांची हेल्पलाइन हवी, सुरक्षित निवाऱ्याचाही विचार व्हावा, असंही म्हटलं.

पण १९५४चा विशेष विवाह कायदा आहे तसाच आहे. लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस, नावपत्त्यासकट, कार्यालयात लावायची. जोडपं मूळचं दुसऱ्या जिल्ह्यातलं असेल, तर तिची प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. सोलापुरातून पळून मुंबईत आलेल्या मुलीचा पत्ता सोलापुरात लागतो, सरकारी शिक्क्यानिशी. आर्चीनं निदान फोन आपणहून केला होता.