तलाव बांधायचा, मग चालवायचा कशाच्या जोरावर?

नमस्कार श्रोतेहो. आपल्या भागात पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मुलांना खेळायला बंदिस्त मैदान, ज्येष्ठांना बसायला खोल्या असं सार्वजनिक केंद्र हवं का, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर हो असतं. त्यासाठी वर्षाला इतका जादा कर द्याल का, असं विचारलं की तीच माणसं थांबतात आणि विचार करू लागतात. अमेरिकेत अनेक राज्यांत हा दुसरा प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो. तो कसा मांडला जातो आणि कुठे फसतो, ते आज पाहू.

आधी किती मतं लागतात ते. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रस्ताव १३ पासून, स्थानिक संस्थेने एका ठरावीक कामासाठी कर मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात. १०,००० जणांनी मत दिलं आणि ६,६०० हो म्हणाले, तरी ठराव पडतो. वॉशिंग्टन राज्यात मालमत्ता कर वाढवून फेडायच्या कर्जरोख्यांना ६० टक्के मतं हवीत, शिवाय एकूण मतदानही मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या किमान ४० टक्के झालं पाहिजे. त्यामुळे इथे निम्म्याहून थोडी अधिक मतं हाताशी आहेत म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

प्रश्नाची भाषाही कायद्याने बांधलेली असू शकते. कोलोरॅडोत १९९२ च्या घटनादुरुस्तीनुसार करवाढीच्या प्रश्नात कर वर्षाला किती डॉलरने वाढणार तो आकडा सुरुवातीलाच द्यावा लागतो. कर्ज काढायचं असेल तर मुद्दल आणि व्याजासकट एकूण परतफेड, दोन्ही आकडे लिहावे लागतात. आम्हाला हा नियम फार मोलाचा वाटतो. १ कोटी डॉलरचं कर्ज ४ टक्के व्याजाने २० वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं तर वर्षाचा हप्ता सुमारे ७ लाख ३६ हजार होतो आणि एकूण परतफेड जवळजवळ १ कोटी ४७ लाख. मुद्दलाचाच आकडा ऐकून मत दिलेल्या माणसाला पुढे फसवलं गेल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या ठरावाला तो नक्की नाही म्हणतो.

घरटी बोजा काढण्यासाठी ‘मिल’ हे माप समजून घ्या. १ मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे १ डॉलर. करपात्र मूल्य २०,००० आणि दर ५ मिल असेल तर वर्षाला १०० डॉलर. गोंधळ इथेच होतो, कारण अनेक राज्यांत करपात्र मूल्य हा घराच्या बाजारभावाचा एक हिस्सा असतो. बाजारभावाला दर लावून बसलं की आकडा कितीतरी पट फुगतो. विरोधकांच्या पत्रकात असा हिशेब दिसला तर तो चिडून नव्हे, उदाहरण सोडवून दाखवून खोडावा.

आता सगळ्यात कमी बोललं जाणारं, पण सगळ्यात महत्त्वाचं: चालवण्याचा खर्च. कर्जरोख्यांचा पैसा सहसा बांधकामापुरताच वापरता येतो, पगारांना नाही. बंदिस्त तलाव उघडा असेल त्या प्रत्येक तासाला जीवरक्षक हवेत, पोहणारे चार असोत वा चाळीस. पाणी गरम ठेवायचं, आणि बाष्पीभवन आवरायला हवा पाण्याहून थोडी अधिक उबदार ठेवून तिच्यातली वाफ सतत काढायची. ही यंत्रणा स्वस्तातली घेतली की वाफ भिंतींत आणि छताच्या लोखंडावर साचते. क्लोरिनपासून बनणारी संयुगं त्यात मिसळून गंज लवकर धरतो, पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात. मग दुरुस्तीसाठी तलाव बंद, शुल्काचं उत्पन्नही बंद. म्हणून बांधकामाचा कर आणि चालवण्याचा कर वेगळे मांडावेत: पहिला कर्ज फिटलं की संपणारा, दुसरा चालू राहणारा. यंत्रं बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकायची रक्कमही त्यातच धरावी.

कर्ज टाळण्याचाही मार्ग आहे. ओक्लाहोमा सिटीने १९९३ मध्ये डॉलरमागे १ सेंटचा विक्रीकर पाच वर्षांसाठी मतदारांकडून मंजूर करून घेतला आणि पैसा जमेल तसतशी कामं केली. पैसा कमी पडला तेव्हा १९९८ मध्ये पुन्हा मतदारांकडे जाऊन सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली, ती मिळाली. २००९ मध्ये याच धर्तीवर मंजूर झालेल्या करातून ज्येष्ठांसाठी आरोग्य केंद्रंही उभी राहिली. मात्र विक्रीकर गरिबाच्या खिशाला जास्त लागतो आणि मंदीत आटतो, हे सांगायलाच हवं.

कौल घेण्याआधी पाहणी करा, पण प्रश्नात रक्कम घालून. यदृच्छेने निवडलेल्या ४०० मतदारांच्या पाहणीत साधारण ५ टक्क्यांची चूक धरावी लागते. त्यामुळे ६० टक्के लागणाऱ्या ठिकाणी ६२ टक्के होकार पुरेसा मानू नका.

शेवटचं, मतदारांसाठी. पत्रकावरचं रंगीत चित्र कोणालाच बांधून ठेवत नाही. मतदान आणि निविदा यांच्यात वर्ष-दोन वर्षं जातात, भाव चढतात आणि काहीतरी कापलं जातं. तलाव तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल तर तो ठरावाच्या मजकुरात शब्दांत आहे का, ते मत देण्याआधी वाचून घ्या. नसेल तर ठराव मतपत्रिकेवर जाण्याआधीच्या जाहीर बैठकीत तो घालायला सांगा. मतपत्रिका छापल्यावर त्यात एक शब्दही घालता येत नाही.