लाल खोली, काळी कॉफी

[दृश्य: टेबलावर एक कप, वाफ निघते आहे]

एक बाई लाल खोलीत बसली आहे. काळी कॉफी पिते आहे. तिच्या मुलाला मारून टाकलंय, मातीही देऊन झालीय.

अमेरिकी कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांची ही १९६० सालची कविता. आठच ओळी. त्या बाईच्या मुलाचं नाव एमेट टिल.

[दृश्य: मिसिसिपीतला सपाट, रिकामा रस्ता]

ऑगस्ट १९५५. शिकागोत वाढलेला १४ वर्षांचा काळा मुलगा एमेट अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीतल्या नातेवाइकांकडे आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला, असा त्याच्यावर आळ आला. तिचा नवरा आणि सावत्र दीर मध्यरात्री येऊन त्याला घेऊन गेले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं. ज्यूरीत सगळे गोरे. तासाभरात दोघेही निर्दोष सुटले. आई मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवायला लावली होती. हजारो लोक रांगा लावून आले, त्या चेहऱ्याचे फोटो छापून आले.

चेहरा देशाने पाहिला होता. मग कवितेने काय दाखवायचं?

ब्रूक्स आईजवळ जाऊन बसतात. मारलेल्या पोराचा ती मुका घेते. तिला वाईट वाटतं. बस्स, एवढंच. कुणाची गाडी चुकली तरी आपण म्हणतो, वाईट वाटलं. इतका रोजचा, इतका अपुरा शब्द, आणि म्हणूनच तो मला सगळ्यात खोल लागतो. शेवटच्या दोन ओळींत लाल माळरानावरून करड्या वाऱ्यांचा कल्लोळ उठतो. खोलीचा रंग भिंती ओलांडून मुलूखभर पसरलेला.

आता शीर्षक बघा: एमेट टिलच्या बॅलडचं शेवटचं कडवं. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, पोवाड्याच्या नात्यातलं. मग आधीची कडवी कुठे गेली?

[दृश्य: स्वयंपाकघर, धूर]

पुस्तकात याच्या आधीची दीर्घ कविता त्या गोऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात घडते. बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप, करपतंय. शाळेत शिकलेलं बॅलड तिला आठवतं. ती स्वतः त्यातली नाजूक कन्या, नवरा राजपुत्र, आणि खलनायक? खलनायकाच्या जागी एक पोर. गाणं जुळतच नाही. ती कविता ‘शेवटचं कडवं’ या शब्दांवर थांबते. पुढची कविता म्हणजे लाल खोली.

आवाज चढवूनही लिहिलं गेलं. १९१९च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या शहराशहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा कवी क्लॉड मॅके यांनी सुनीतातून लढत मरण्याची हाक दिली. तीही हवीच होती.

[दृश्य: चर्चची रंगीत काच]

पण कवी डडली रँडल यांनी पुन्हा बॅलडच घेतलं, आणि सूर ठेवला मायलेकींच्या बोलण्याचा. १५ सप्टेंबर १९६३ रोजी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला, चार मुली गेल्या. रँडल यांच्या कवितेतली मुलगी काळ्यांच्या हक्कांसाठीच्या मोर्चात जाऊ का म्हणून विचारते. आई म्हणते, नको, तिथे कुत्री आहेत, बंदुका आहेत; तू चर्चमध्ये जा. मग ती तिचे केस विंचरते. हातात पांढरे मोजे, पायात पांढरे बूट.

स्फोटाचा आवाज ऐकून आई धावत सुटते. काचाविटांचा ढीग उपसते.

हाताला एक बूट लागतो.