२०० डॉलरचं किट

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर सायबर कॅफे होता. बाहेर बोर्डावर झेरॉक्स, रेल्वे रिझर्वेशन वगैरे, चपला दारात काढायच्या, आत आठ पीसी, तासाला २० रुपये, आणि पोरांची बोंबाबोंब, 'बी ला गेले रे, बी ला!' गेम अर्थात काउंटर-स्ट्राइक १.६.

मिन्ह ली आणि जेस क्लिफ ह्या दोघांनी १९९९ ला हाफ-लाइफ नावाच्या गेमवर मॉड म्हणून, म्हणजे त्याच गेममध्ये फेरफार करून, बनवून फुकट वाटलेला हा गेम, मग हाफ-लाइफवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यांना आपल्यात घेतलं, २००० च्या नोव्हेंबरात तो दुकानात आला, १.६ हे व्हर्जन आलं २००३ ला. आम्हाला यातलं घंटा काही माहीत नव्हतं, आमच्यासाठी तो नुसता 'काउंटर'.

टेररिस्ट विरुद्ध पोलीस, ते बॉम्ब लावणार, हे तो डिफ्यूज म्हणजे निकामी करणार. पोलिसांत गेलात की कमांडो स्क्वाड निवडायचं, अमेरिकेचे सील, जर्मनीचे जीएसजी-९, ब्रिटनचे एसएएस, फ्रान्सचे जीआयजीएन. जीआयजीएनचं हेल्मेट जाड दिसतं म्हणून गोळी कमी लागते अशी एक अफवा होती, आणि मी वर्षभर तेच घेतलं. फरक शून्य, नुसते कपडे वेगळे.

खरा खेळ पैशाचा. पहिल्या राउंडला हातात ८०० डॉलर, बुलेटप्रूफ जॅकेट ६५० चं, उरले १५०, आणि बॉम्ब डिफ्यूज करायचं किट २०० ला! पुढे पैसे आले तरी किट कोण घेणार, सगळ्यांना ४७५० ची एडब्ल्यूपी स्नायपर रायफल पाहिजे. 'तू घे ना' 'तू घे ना', चाळीच्या मोटरच्या वर्गणीसारखं.

तर डस्ट टू नावाचा मॅप, बी साइट, म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा. टीम मेलेली, मी एकटा, शेवटचा टेररिस्ट पाडला आणि बॉम्ब टिकटिकतोय. प्लांट झाल्यापासून ४५ सेकंद, त्यातले बरेचसे गेलेले. किट असलं तर ५ सेकंद लागतात, नसलं तर १०, आणि मधे बोट उचललं की परत पहिल्यापासून. डिफ्यूजचं ई बटण दाबून धरलं. पट्टी सरकतेय, बीप जवळ जवळ यायला लागलेत, खुर्चीमागे चार जण श्वास रोखून उभे, पट्टी अगदी शेवटाला आली...

आणि स्क्रीन निळी. तास संपला!

'दादा, दोन सेकंद!'

'वीस रुपये काढ आधी.'

मागून पक्या म्हणतो, 'किट नव्हतं काय रे?' आणि ह्याच्या हातात त्या राउंडला एडब्ल्यूपी होती.