नाव नीट घेतले पाहिजे

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

दरवर्षी 21 ऑक्टोबरच्या सकाळी आपल्या इंदुरात पोलिसांची शोक परेड होते आणि गेली काही वर्षे मी तिला आवर्जून जातो. दसरा-दिवाळीचे दिवस असतात, घरोघरी फराळाची गडबड चाललेली असते, त्यामुळे नागरिकांसाठी मांडलेल्या खुर्च्या बहुधा रिकाम्याच राहतात. ‘शोक शस्त्र’ असा हुकूम झाला की जवान बंदुकीची नळी जमिनीकडे करून माना खाली घालतात आणि मागच्या 1 सप्टेंबरपासून 31 ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या देशभरातील पोलिसांची नावे वाचली जातात.

एका वर्षी नावे वाचणारे अधिकारी ईशान्येकडच्या एका शिपायाच्या नावावर अडखळले. पुढची नावे पुष्कळ होती आणि ऊनही चढू लागले होते. तरीही त्यांनी पुढचे नाव घेतले नाही. कागद डोळ्यांजवळ आणून त्यांनी तेच नाव पुन्हा, एकेक अक्षर सुटे करत, पूर्ण उच्चारले. माझ्या शेजारी बसलेल्या मावशी पदर सावरत एवढेच म्हणाल्या, “नीट घेतलं हो त्यांनी.” त्यांच्या मुलाचे नाव अजून यायचे होते.

ही तारीख लडाखमधून आलेली आहे. 20 ऑक्टोबर 1959 रोजी हॉट स्प्रिंग्जहून टेहळणीला निघालेल्या तीन तुकड्यांपैकी दोन परतल्या, तिसरी परतली नाही. दुसऱ्या दिवशी करमसिंग यांच्या नेतृत्वाखाली जवान आपल्या सोबत्यांच्या शोधात निघाले आणि डोंगरावर दबा धरून बसलेल्या चिनी सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. दहा पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह 13 नोव्हेंबरला परत मिळाले आणि दुसऱ्या दिवशी तिथेच, त्या उजाड उंचीवर, त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या गावांना अखेरचे दर्शनही मिळाले नाही. मला वाटते, नावे मोठ्याने वाचण्याची गरज अशा मृत्यूंनीच निर्माण केली असावी.

आपल्या घरांत पितृपक्षात तर्पण होते, तेव्हा नाव आणि गोत्र उच्चारूनच पाणी सोडतात. आपल्या माणसांचे झाले की, ज्यांचा आपल्याशी काही संबंध नाही अशांसाठीही चार थेंब सोडले जातात. पोलिसांसाठी शहराने करायचा शोक मला या शेवटच्या थेंबांसारखा वाटतो, फक्त इथे तो निनावी राहू नये असे मला मनापासून वाटते.

26 नोव्हेंबर 2008 नंतर आपण करकरे, कामटे, साळसकर आणि कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांची नावे पाठ केली आणि ते योग्यच झाले. त्या रात्री सारा देश टीव्हीसमोर जागा होता. पण पोलिसाचा मृत्यू असा सर्वांच्या डोळ्यांदेखत क्वचितच होतो. 8 मार्च 2012 रोजी, होळीच्या दिवशी, ग्वाल्हेरजवळच्या बानमोरला नरेंद्रकुमार या तरुण आयपीएस अधिकाऱ्याने बेकायदा दगड नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली अडवली आणि चालकाने ती त्यांच्या अंगावर घातली. समोर शत्रुसैन्य नव्हते, अतिरेकीही नव्हता. आपल्याच घरांच्या पायऱ्यांना लागणारा दगड होता, हे मला आजही सलते.

आणि आपले इंदूर? एप्रिल 2020 मध्ये आपण दारे लावून बसलो होतो, तेव्हा जुनी इंदूर ठाण्याचे प्रमुख देवेंद्र चंद्रवंशी बंदोबस्तावर असतानाच करोनाने आजारी पडले आणि 19 एप्रिलला गेले. दोनच दिवसांनी उज्जैनच्या नीलगंगा ठाण्याचे यशवंत पाल यांचे इथेच, आपल्या शहरात, उपचार चालू असताना निधन झाले. संचारबंदीमुळे लोकांना खांदा देता आला नाही, सांत्वनाला जाता आले नाही, की तेराव्याला चार माणसे जमवता आली नाहीत. त्या दिवसांत गॅलरीत उभे राहून टाळ्या आपण पुष्कळ वाजवल्या. परंतु शोक करायचा राहून गेला तो राहूनच गेला, कारण टाळेबंदी उठल्यावर प्रत्येकाला आपापली विस्कटलेली घडी बसवायची होती. याचा दोष मी कोणाला देत नाही. मी स्वतः जुनी इंदूर ठाण्यावरून कितीदा गेलो असेन, एकदाही थांबलो नाही.

दिल्लीत चाणक्यपुरीत 2018 साली राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. तिथल्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या चौतीस हजारांहून अधिक पोलिसांची नावे कोरलेली आहेत. दगडावर कोरलेले नाव टिकते, पण ते उच्चारायला माणूस लागतो आणि प्रत्येकाला काही दिल्ली गाठता येत नाही. 21 ऑक्टोबरची सकाळ मात्र आपल्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर असते. मी सात वाजता निघतो. माझ्या गाडीत तिघांना जागा आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी मला सांगावे, म्हणजे कोणाला कुठून घ्यायचे ते ठरवता येईल.