एका सुताचा एक फूट

श्रोतेहो, नमस्कार.

माझा धंदा मोटार वायंडिंगचा. पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावात माझं दुकान आहे. उन्हाळी धानाला पाणी सुरू झालं की गावोगाव व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि आतली तार जळते. मार्च ते मे माझ्या ओट्यावर जळक्या मोटारींची रांग असते. मृगाचा पाऊस पडला की ती ओसरते. मग त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली मी जहाज बांधायला बसतो. शिडाचं जहाज, तीन डोलकाठ्यांचं, लांबीला दीड फुटाहून थोडं जास्त. सहा पावसाळे झाले, अजून पुरं व्हायचं आहे.

बघायला येणारे लाकूडकामाबद्दल विचारतात, कारण ते पटकन डोळ्यांत भरतं. मला आज बोलायचंय ते त्यावरच्या धातुकामाबद्दल. कड्या, पट्ट्या, बिजागऱ्या, तोफा. यातले बरेचसे भाग तांदळाच्या दाण्याएवढे आहेत. शीड वारा धरतं, डोलकाठी तो भार घेते, आणि डोलकाठीवरून दोरांनी खाली आलेला भार शेवटी जहाजाच्या अंगात उतरतो तो या पट्ट्या-कड्यांतून. त्या नीट नसल्या तर सगळं जहाज खोटं वाटतं, आणि नेमकं कुठे बिनसलंय ते बघणाऱ्याला सांगताही येत नाही.

जहाज कोणतं, ते आधी सांगतो. त्याचं नाव ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली ही फ्रिगेट, म्हणजे तोफांचं चपळ लढाऊ जहाज, बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. बांधली इंग्रजांच्या नौदलासाठी, पण कारागीर मुंबईचे आणि लाकूड सागवान. त्या काळी इंग्लंडात जहाजांना लागणारं ओकचं लाकूड कमी पडत चाललं होतं, म्हणून त्यांना आपल्या सागाकडे यावं लागलं. ते जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे आहे, आणि दोनशे वर्षं उलटून गेली तरी पाण्यावर आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही, आनंद वाटला. आलापल्ली-बल्लारपूरच्या सागाच्या मुलखातल्या माणसाला साग किती टिकतो हे वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या जहाजाचं लाकूडही एका पाडलेल्या घराच्या जुन्या सागवानी पाटीचं आहे.

आता मापाची गोष्ट. इंग्रज नौदलाचे जुने नकाशे पाव इंचाला एक फूट या मापाने काढलेले असत. माझ्या टेबलावर तेवढं मोठं जहाज मावत नव्हतं, म्हणून भाच्याने पुण्याहून नकाशा निम्म्याने लहान करून छापून आणला. म्हणजे इंचाचा आठवा भाग बरोबर एक फूट. मी तो नकाशा गावातल्या सुतारकाकाजींना दाखवला. त्यांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "अरे, हे तं सूत हाय ना बाप्पा. एका सुताचा एक फूट." त्या दिवसापासून मला गुणाकार-भागाकार करावा लागला नाही. आपल्याकडे सुतार, गवंडी, वेल्डिंगवाले सगळे सुतात बोलतात. आठ सुतांचा इंच. जहाजावर आठ फुटांची तोफ असेल तर माझी तोफ आठ सूत. दरवाजा पाच फूट असेल तर पाच सूत. इतकं सोपं माप आपल्या हातात आधीपासूनच होतं.

पहिल्या वर्षी मी धातूचे तयार भाग पार्सलने मागवले होते. पांढऱ्या मऊ धातूत ओतलेले, वरून काळा रंग दिलेला. एक कडी मोजली तर तिची जाडी दीड मिलिमीटर. सुताला फूट म्हणजे खरं जहाज माझ्याहून ९६ पट मोठं. ९६ ने गुणली तर जवळपास साडेचौदा सेंटिमीटर होतात. माणसाच्या मांडीएवढ्या जाड लोखंडाची कडी जहाजावर दोर बांधायला कोण ठोकेल? ती पुडी मी तशीच बांधून ठेवली आणि दुकानातल्या तारेच्या रिळांकडे वळलो.

वायंडिंगची तार नंबराने मिळते. नंबर वाढला की तार बारीक. २६ नंबरची तार ०.४६ मिलिमीटर जाड असते. जहाजाच्या मापात ती पावणेदोन इंची लोखंडी गज होते. बाजूच्या पट्ट्यांना हीच जाडी शोभते. २२ नंबरची तार ०.७१ मिलिमीटरची, ती नांगराच्या कडीला चालते. मधली जाडी हवी असेल तर सोनाराकडचं जंतर आहेच. पोलादी पट्टीत उतरत्या मापाची छिद्रं असतात, त्यांतून तार ओढत न्यायची. वायंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो. तो जाळून काढू नका, त्याचा धूर वाईट असतो. पॉलिश पेपर दुमडून त्यातून तार दोन-चार वेळा ओढली की तांबं उघडं पडतं.

रिळावरची तार वाकडी असते. तिचं एक टोक वाइसमध्ये पकडायचं, दुसरं पकडीत, आणि हळूहळू ताणायची. एका क्षणी हाताला कळतं की तार किंचित लांबली. तिथे थांबायचं. तार सुतासारखी सरळ होते, पण ताठही होते, आणि ताठ तार सुईभोवती वळवायला गेलं की उसळते किंवा तुटते. म्हणून तिला ताव द्यावा लागतो. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली तरी मऊच राहते, पोलादासारखी कडक होत नाही. हे मला आमच्या सोनारकाकाजींनी शिकवलं. तांबं चूक माफ करतं, पितळ करत नाही. पितळेत जस्त असतं. ताव जास्त झाला की ते जस्त पांढरा धूर होऊन निघून जातं आणि मागे खड्डे पडलेला, ठिसूळ तुकडा उरतो. तो धूर छातीत जाणं बरं नाही, म्हणून पितळेचं काम मी नेहमी अंगणात करतो. दिवस मावळताना करायचं, कारण उन्हात धातूचा रंग दिसत नाही. काळसर लाल झालं की आच काढायची. काकाजींचं म्हणणं एकच असे, "आगीले घाई नोको करू. धातू सोताच सांगते."

आता एक पट्टी कशी होते ते सांगतो, कारण सगळं जहाज तिच्यावर उभं आहे.

डोलकाठीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना जाड दोर खाली येतात. प्रत्येक दोराच्या टोकाला एक वाटोळा लाकडी ठोकळा असतो, त्याला तीन छिद्रं. त्याच्या खाली तसाच दुसरा ठोकळा. दोघांच्या छिद्रांतून बारीक दोर ओवून ताणला की डोलकाठी जागच्या जागी घट्ट बसते. खालचा ठोकळा लोखंडी कड्यात बसवलेला असतो, आणि ते कडं लोखंडी पट्टीने जहाजाच्या कुशीला बोल्टने जखडलेलं असतं. हा ठोकळा जहाजावर फूटभराचा, म्हणजे माझ्याकडे एका सुताचा. खैराच्या लाकडाचा केला. सागाचे रेषे मोकळे, इतक्या बारीक कामात तो फुटतो. ठोकळ्याच्या कडेला कानशीने खाच पाडायची आणि त्या खाचेत २६ नंबरची तार गुंडाळायची. तारेची टोकं खाली जिथे जुळतात तिथे चांदीचा डाक द्यायचा, म्हणजे चांदीचा मिश्रधातू वितळवून जोड पक्का करायचा. पण ठोकळा आत असताना डाक दिला तर तो जळतो. म्हणून कडं आधी वेगळं करायचं, ठोकळ्यापेक्षा अगदी थोडं मोठं. डाक देऊन झाला की ठोकळा आत बसवून पकडीने कडं आवळायचं.

डाकाचा तुकडा मोहरीच्या चौथाईएवढा घ्यायचा. टाकणखार पाण्यात कालवून जोडावर लावायचा, वर तो कण ठेवायचा आणि आच कणाला न देता तारेला द्यायची. वितळलेला डाक उष्णतेकडे धावतो. तार पुरेशी तापली की कण एकदम चमकतो आणि जोडात शिरून दिसेनासा होतो. डाक दिसत राहिला तर जास्त झाला असं समजायचं.

हे सगळं जमलं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात एका बाजूच्या अकरा पट्ट्या मी एकाच तिरक्या कोनात ठोकून टाकल्या. फार सुंदर दिसत होत्या. मग दोर ताणायला घेतले, आणि एकेक पट्टी ओढीने वाकडी होऊ लागली. चूक अशी की प्रत्येक दोर डोलकाठीवरून वेगळ्या कोनात खाली येतो. पुढचा जवळपास उभा, मागचे अधिकाधिक तिरके. पट्टी ही त्या दोराचीच पुढची ओळ असायला हवी. तसं नसेल तर भार तिला आधी सरळ करायला बघतो आणि मगच पेलायला. अकराही पट्ट्या उपटल्या, छिद्रं सागाच्या काड्यांनी बुजवली. आता मी डोलकाठीच्या माथ्याला दोरा बांधतो, तो ठोकळ्याच्या जागेवरून ताणून खाली कुशीपर्यंत आणतो, आणि दोरा जिथे टेकेल तिथेच बोल्टची खूण करतो. प्रत्येक पट्टीची लांबीही यामुळे वेगळी येते. वेळ लागतो. पण दोर ताणल्यावर पट्टी तसूभर हलत नाही, आणि ते बघताना फार समाधान वाटतं.

लहान कड्यांचं काम मात्र माझ्या हातचंच. कॉइल गुंडाळतो तशी सुईवर तार गुंडाळायची, वेढ्याला वेढा लावून, आणि मग सोनाराच्या करवतीने उभी कापायची. वीस वेढे, वीस कड्या. कटरने तोडू नका, टोकं चेपतात.

पट्ट्या खऱ्या जहाजावर लोखंडी, म्हणून माझ्या काळ्या हव्यात. रंगाचा थर बारीक कामाच्या कडा बुजवतो. त्यापेक्षा उकडलेलं अंडं कुस्करून बंद डब्यात ठेवायचं, वर जाळीवर तांब्याचे स्वच्छ केलेले भाग ठेवायचे. अंड्यातला गंधक हवेतून तांब्याला लागतो आणि रात्रभरात तांबं आधी तपकिरी, मग राखाडी काळं होतं. पितळेवर हे नीट होत नाही, म्हणूनच पट्ट्या तांब्याच्या. माझी आई माळकरी आहे, त्यामुळे तो डबा घरी येत नाही, दुकानातच राहतो.

सुकाणूच्या बिजागऱ्या मात्र मी काळ्या केल्या नाहीत. याचं कारण मला फार आवडतं. त्या काळी जहाजाच्या तळाला लाकूड पोखरणारी कीड लागू नये आणि शंख-शेवाळ चिकटू नये म्हणून पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे ठोकत. एकेक पत्रा चार फूट लांब आणि १४ इंच रुंद. पण तांबं आणि लोखंड समुद्राच्या पाण्यात शेजारी आले की लोखंड खाल्लं जातं. सुरुवातीला जहाजांचे लोखंडी बोल्ट असे झिजून गेले, म्हणून पुढे पाण्याखाली तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आणि बिजागऱ्या आल्या. वायंडिंगवाल्याला हे वेगळं शिकावं लागत नाही. तांब्याची आणि अ‍ॅल्युमिनियमची तार एकत्र पिळली आणि ओल लागली की तो जोड सडतो, हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो. तेव्हा पट्ट्या काळ्या आणि सुकाणूच्या बिजागऱ्या पिवळ्या. पितळ आणायला लांब जावं लागलं नाही. भंडारा जिल्हा पितळेचाच. एका कासाराकडे फुटक्या गुंडाचा पत्रा मिळाला.

त्या बिजागऱ्या डाक देऊन झाल्यावर चिंचेच्या कढत पाण्यात टाकल्या, आपण भांडी घासायला वापरतो तशाच चिंचेच्या. काळपटपणा निघून गेला. पण त्याच पाण्यात आधी तांब्याचे भाग धुतले होते, आणि मी घाईत लोखंडी चिमटा आत घातला. पिवळ्या बिजागऱ्या तांबूस होऊन बाहेर आल्या. पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडामुळे त्यांच्यावर चढलं होतं. आता बांबूचा चिमटा वापरतो.

तोफांबद्दल थोडंच सांगतो. या जातीच्या फ्रिगेटवर मुख्य मजल्यावर १८ पौंडी गोळ्याच्या २८ तोफा असत. पितळी सळई ड्रिल मशीनमध्ये फिरवत कानशीने घडवतो. १९ झाल्या, ९ राहिल्या.

गेल्या आश्विनात सुकाणू बसवलं. सुकाणूवर खाली तोंड केलेल्या खुंट्या, जहाजाच्या मागच्या खांबावर कड्या, आणि खुंट्या कड्यांत वरून उतरतात. आपल्या जुन्या फाटकाचं असतं तसंच. सगळ्या कड्या एका ओळीत नसतील तर एक खुंटी आत जाते आणि बाकीच्या बाहेर राहतात. म्हणून मी सगळ्या कड्यांतून आधी एकच सरळ तार ओवली आणि ती तार आत असतानाच कड्या पक्क्या केल्या.

त्याच संध्याकाळी आमच्या गावचे धिवर आजोबा मोटारीचं विचारायला दुकानात आले होते. सारं आयुष्य त्यांनी वैनगंगेत डोंगा चालवला, वल्ह्याने आणि बांबूने. सुकाणू त्यांच्या डोंग्याला कधी नव्हतं. त्यांनी करंगळीच्या नखाने ते ढकललं. फिरलं. परत ढकललं. मग म्हणाले, "आन् तुटलं तं? भर पान्यात काय करते मानूस?" मी सुकाणू दोन बोटांनी वर उचललं, ते कड्यांतून सुटून हातात आलं. म्हटलं, असं काढून दुरुस्त करतात. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, दिव्याजवळ धरून एकेक खुंटी बघितली. मग डोळे बारीक करून स्वतःच परत बसवायला लागले. पहिल्यांदा वरची खुंटी चुकली. दुसऱ्यांदा सगळ्या खुंट्या आपापल्या कड्यात उतरल्या, आणि बसताना अगदी बारीक आवाज आला, तो आम्हा दोघांनाही ऐकू गेला.