डोक्यावरचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

परभणीतली मे महिन्याची दुपार. लाईट गेलेली, कूलर गप्प. अशा वेळी मी फोनवर एक जुना गेम उघडतो, ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’. मूळचा १९९७ सालचा, प्लेस्टेशनवरचा. याला घाई अजिबात नाही. आपली पाळी आली की गेम थांबून राहतो. शेजारच्या काकू आल्या, उठा, चहा ठेवा, गप्पा मारा; परत याल तेव्हा लढाईतले सगळे गडी पटावर आपापल्या घरात उभेच असतात.

मैदान चौकोनी घरांचं, सोंगट्यांच्या पटासारखं. पण हा पट सपाट नाही. देवगिरी चढलेल्या माणसाला हे चटकन उमगेल. खंदक, तासलेला कडा, मग ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. तिथे फौजेपेक्षा उंची मोठी. गेममध्येही छपरावरच्या तिरंदाजाचा बाण लांब जातो आणि पाठमोऱ्या शत्रूवरचा वार सहसा चुकत नाही. म्हणून चाल संपवताना आपल्या गड्याचं तोंड कुठे ठेवायचं, हेही नीट ठरवावं लागतं.

मला धरून ठेवतो तो मात्र एक आकडा. आपला माणूस पडला की त्याच्या डोक्यावर तीन दिसतो. त्याची पाळी येईल तसा दोन, एक, शून्य. पुढे तो कायमचा गेला. मागे उरतो स्फटिक, नाहीतर एक पेटी. १९९० च्या पहिल्या ‘फायर एम्ब्लेम’ या अशाच गेममध्ये तर पडलेल्याला एवढीही सवड नव्हती.

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ यासुमी मात्सुनो यांनी घडवला. त्याआधी १९९५ मध्ये त्यांनी ‘टॅक्टिक्स ओगर’ केला होता. त्याच्या २०१० च्या आवृत्तीत पन्नास चाली मागे जाता येतं. मी ती सोय वापरत नाही. चाल परत घेता आली की हात सैल पडतो, असं माझं ठाम मत आहे.

परवा माझी तिरंदाज पोरगी पडली. पहिल्या लढाईपासूनची, नाव मीच ठेवलेलं. जिवंत करणारा मंत्र होता, पण तो पुरा व्हायलाही वेळ लागतो. औषधवाला दोन चढ खाली. समोर शत्रूचा सरदार अर्धमेला. दहा मिनिटं मी नुसता पट बघत होतो. मग औषधवाल्याला वर चढवला. आकडा एकवर असताना तो पोचला, पोरगी उठली. तेवढ्यात सरदारानं माझे दोघे पाडले.

लाईट आली, कूलर घरघरला. त्या दोघांच्या डोक्यावर तीन-तीन.